प्रभाकररावांच्या गाडीचे ब्रेक

हिंगणघाटचे कापड दुकानदार प्रभाकरराव उमाटे बंद पडलेल्या मिलच्या बंगल्यावर गेले होते ते लाकडी कपाटं बघायला. साड्यांचे गठ्ठे ठेवायला दोन सागवानी कपाटं हवी होती आणि बंगल्यातलं जुनं सामान निघणार अशी बातमी बाजारात होती. संध्याकाळी ते परत आले तेव्हा त्यांच्या मागे एक ट्रॅक्टर होता, ट्रॅक्टरला दोर बांधलेला होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला एक मोटार होती. दोन सीटची, टप नसलेली, नाकानं लांब, पाठीनं आखूड आणि इतकी बुटकी की तिच्यात बसलेला माणूस रस्त्यावरच मांडी घालून बसल्यासारखा दिसावा. रंग एकेकाळी लाल असावा. चाकं सायकलसारखी तारांची.

"कपाटं?" अनुसयाबाईंनी दारातूनच विचारलं.

"वाळवी लागलती," प्रभाकरराव म्हणाले.

"मंग हिले काय लागलं नाई?"

याचं खरं उत्तर बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. गाडी होती मिलच्या जुन्या मॅनेजरसाहेबांची. वीस-बावीस वर्षांपूर्वी दुकानातून घरी येताना प्रभाकररावांच्या सायकलच्या दांडीवर बसलेला त्यांचा योगेंद्र रोज बंगल्याच्या फाटकापाशी सायकल थांबवायला लावायचा आणि गजात नाक घालून ती लाल गाडी बघायचा. थांबलं नाही तर घर येईपर्यंत भोकाड. आता बंगल्याच्या गॅरेजात बारदान्याखाली ती गाडी दिसली आणि प्रभाकररावांच्या तोंडून "ही कितीले?" असं निघून गेलं. पुढचं सगळं आपोआप झालं. आयुष्यातली मोठी कामं अशीच होतात. विचार करून होतात ती कपाटं.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. योगेंद्र तेव्हा पुण्यात मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. दुकानात बसणार नाही असं त्यानं सहा वर्षांपूर्वी सांगितलं, तेव्हा प्रभाकररावांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि जे बोलायचं नव्हतं तेही. तो गेला. भांडण संपलं असं कोणी जाहीर केलं नाही. दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन यायचा. प्रभाकरराव उचलायचे. "बरा आहे?" "बरा." "पाणीपाऊस?" "आहे." "आईले देतो." इतकंच. दोन दिवाळ्या तो आला नव्हता. रजा नाही म्हणाला.

गाडीचं इंजिन दुरुस्त करायला मिलचा जुना फिटर रूपराव धावून आला. मिल बंद झाल्यापासून त्याच्या हाताला काम नव्हतं आणि हात त्याला स्वस्थ बसू देत नव्हते. आठ दिवसांत त्यानं इंजिन बोलकं केलं. शेजारचे बाबाराव, यष्टीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, रोज खुर्ची टाकून देखरेखीला बसत.

"ब्रेक पाहून घेतले काय?" प्रभाकररावांनी विचारलं.

"ब्रेक?" बाबाराव दुखावले. "अठ्ठावीस वर्स गाडी चालोली मी. ब्रेक म्हंजे कच्च्या ड्रायव्हरचं काम. पक्का मानूस गिअरवर गाडी थांबोते."

प्रभाकररावांनी सासुरवाडीच्या वावरात जीप चालवली होती, तीही समोर काही नसताना. ते कच्च्यातही मोडत नव्हते. पहिल्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी मंदाबाईंनी बाजेवर पापड वाळत घातले होते. प्रभाकररावांनी चांगलं दहा हात आधी ब्रेक दाबला. पुढच्या चाकातून "कट्" असा आवाज आला, गाडीनं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि मोठ्या इतमामानं ती बाजेखाली शिरली. बाज बॉनेटवर चढली. साठ-सत्तर उडदाचे पापड प्रभाकररावांच्या मांडीवर आले.

"दिसत नाई काय तुम्हाले?" मंदाबाई ओरडल्या.

"दिसत होतं," प्रभाकरराव म्हणाले. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. निदान तेव्हा तरी.

त्या रविवारी फोन आला. बरा आहे, बरा, पाणीपाऊस. "आईले देतो" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं.

"काऊन रे, ब्रेक मारल्यावर चाकातून कट् असा आवाज काऊन येत असन?"

"कोणत्या चाकातून? स्कूटरच्या?"

"नाई. त्या मिलच्या गाडीच्या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"लाल?" योगेंद्रनं विचारलं.

"होती लाल."

"बाबा, थांबा. मले नीट सांगा. कट् आवाज एकदा येते का दोनदा?"

प्रभाकरराव फोन धरून उभेच राहिले. सहा वर्षांत पोरगा "मला" म्हणायला लागला होता. फोनवर कधी निघालं की ते "मला" कानात खड्यासारखं टोचायचं. आज तो "मले" म्हणाला. त्यांना बसावंसं वाटलं आणि ते बसले. वीस मिनिटं बोलणं झालं. अनुसयाबाई कणकेचे हात घेऊन शेजारी उभ्या होत्या. आपली पाळी आलीच नाही, हे लक्षात आल्यावर त्या पोळ्या लाटायला निघून गेल्या.

योगेंद्रचं म्हणणं असं की तारांचं चाक ज्या हबवर बसतं, त्या हबचे दाते झिजले आहेत. ब्रेक मारला की हब थांबतो, पण चाक त्याच्यावर थोडं सरकून पुढं जातं. म्हणून ते कट्. नवे हब करावे लागतील. आणि हब नवे करूनच राह्यलो तर पुढं ते जुने ड्रम कायले ठेवायचे? डिस्क ब्रेक बसवू. नागपूरच्या भंगार बाजारातून मारुतीच्या डिस्क आणा, मी ड्रॉइंग पाठवतो.

पाठवतो म्हणजे फॅक्सनं. फॅक्स येणार चौकातल्या एसटीडी बूथवर. तो आला दुपारी, प्रभाकरराव दुकानात असताना, आणि बूथवाल्यानं तो गल्लीत राहणाऱ्या मंदाबाईंच्या हाती दिला. कागदावर एक वर्तुळ होतं, त्यात दुसरं वर्तुळ, भोवती बारा भोकं, प्रत्येकाला अंक, आणि वर लिहिलेलं "वाय. पी. उमाटे". मंदाबाईंनी बारा स्थानं मोजली. पापडांचा हिशेब अजून चुकता व्हायचा होता, पण मुलाच्या लग्नाची गोष्ट पापडांहून मोठी. दिवे लागायच्या आत योगेंद्रची पत्रिका पुण्याहून आल्याचं अर्ध्या हिंगणघाटला माहीत झालं. दुसऱ्या दिवशी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेहून एक गृहस्थ समीक्षा नावाच्या मुलीची पत्रिका घेऊन हजर झाले. त्यांच्या सोबतच्या गुरुजींनी चष्मा लावून हबचं ड्रॉइंग दहा मिनिटं बघितलं.

"गुरू कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

"गुरू नाई, तो बेअरिंग आहे," प्रभाकरराव म्हणाले.

गृहस्थ उठले. मुलाच्या घरी कुंडलीची अशी टवाळी होते, हे त्यांनी वर्ध्यापर्यंत पोचवलं. अनुसयाबाईंनी दोन दिवस अबोला धरला. पण रविवारी हा किस्सा फोनवर सांगितला तेव्हा योगेंद्र इतका हसला की प्रभाकररावांनी रिसीव्हर अनुसयाबाईंच्या कानाला लावला. तिथं अबोला सुटला.

डिस्क नागपूरहून आल्या, हब रूपरावनं केले. ओळखीच्या एका वर्कशॉपच्या लेथवर तीन आठवडे खपून, एकेक दाता भिंगातून बघत. या चाकांना एकच मोठा नट असतो, दोन कानांचा, हातोडीनं ठोकून बसवायचा. त्याचे आटे डाव्या बाजूला एका दिशेचे आणि उजव्या बाजूला उलट्या दिशेचे. योगेंद्रनं ड्रॉइंगवर तसं ठळक लिहिलं होतं. पण डावी बाजू कोणाची डावी, हे लिहिलं नव्हतं. योगेंद्रनं ड्रायव्हरच्या सीटवर बसून विचार केला होता. रूपराव गाडीच्या समोर उभा होता.

कापसाचे दिवस होते. प्रभाकरराव नव्या हबांसह बाजार समितीच्या रस्त्यानं निघाले, शेजारच्या सीटवर बाबाराव. गाडी झकास चालली होती. पुढं चाललेल्या एका चाकाकडे बोट दाखवून बाबाराव म्हणाले, "पाहा, कोनाचं तरी चाक निंगालं." प्रभाकररावही हळहळले. कोणाचं असेल बिचाऱ्याचं! तारांचं दिसतं. एवढा विचार होईपर्यंत गाडीचं उजवं नाक खाली बसलं आणि खर्रर्र करत ठिणग्या उडाल्या. आपलंच चाक आपल्याला मागे टाकून पुढं जाताना बघणं हा अनुभव फार थोड्यांच्या वाट्याला येतो. चाक थांबलं नाही. ते बैलबंड्यांच्या रांगेतून वाट काढत, एका बैलाला बुजवून, समितीच्या फाटकातून आत गेलं आणि कापसाच्या गंजीत शिरून दिसेनासं झालं.

गंजी चांगली पुरुषभर उंच होती. वीस-पंचवीस माणसं कापूस उपसायला लागली. ज्यांचा कापूस होता ते हरिदासभाऊ डोक्याला हात लावून उभे होते. "कापसात दगड निंगते, काडीकचरा निंगते," ते म्हणाले, "चाक पयल्यांदाच आलं." शेवटी रूपरावच्या हाताला ते लागलं. तारांत कापूस अडकलेला, सगळं पांढरं. रूपरावनं ते धुतलेल्या लेकरासारखं उराशी धरलं आणि म्हणाला, "शेठजी, चूक माही आहे. मी समोरून पाह्यलं." प्रभाकरराव त्याला रागवायच्या बेतात होते. पण चूक झाल्यावर सरळ 'माही आहे' म्हणणारा माणूस त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता; आरशात तर नाहीच.

रविवारी त्यांनी फोनवर ही हकिकत सांगितली आणि शेवटी, कसं कोण जाणे, म्हणाले, "लागलं नाई काही. पण एक मिनिट वाटलं, तू असता तं बरं झालं असतं."

"हूं," योगेंद्र म्हणाला. मग म्हणाला, "हब अदलाबदल करा. आन् ब्रेकच्या लायनीतली हवा काढा लागन. दोन मानसं पाहिजे."

दुसरं माणूस म्हणजे अनुसयाबाई. बाबाराव पेडल दाबणार नव्हते, तत्त्वाचा प्रश्न होता. अनुसयाबाई पदर खोचून ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, रूपराव चाकाखाली आडवा झाला, आणि प्रभाकरराव फोनची लांब वायर ओढून दारात उभे राहिले. पुण्याहून हुकूम सुटायचा, तो प्रभाकरराव ओरडायचे.

"दाब! धर! सोड!"

"नुसतं दाब-धर काऊन करून राह्यले? हळू का जोरानं?"

"योगेंद्र म्हणते, हळू."

"मंग त्याच्यासारखं हळू सांगा ना."

दीड तास हे चाललं. शेवटच्या दाबाला पेडल दगडासारखं घट्ट झालं. अनुसयाबाईंनी आणखी दोनदा उगाच दाबून बघितलं. उतरताना स्टिअरिंगवरची धूळ पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "त्याले म्हणा, झालं. मायच्या पायानं झालं."

आता फक्त आरटीओचा शिक्का हवा होता. पंधरा वर्षांच्या वरची गाडी, नव्यानं नोंदणी, ब्रेकची तपासणी. प्रभाकरराव वर्ध्याला गेले. खिडकीतल्या कारकुनानं कागद वाचले.

"मूळ रचनेत बदल केलेला आहे. कंपनीचं ना हरकत पत्र लागेल."

"कंपनी इंग्लंडची आहे साहेब. बंद पडून जमाना झाला."

"मग चालू झाल्यावर या."

प्रभाकरराव बाहेर बाकावर बसून राहिले. पाण्याचा माठ होता, त्याला ग्लास नव्हता. पुढच्या खेपेला कळलं की कंपनी नसेल तर मान्यताप्राप्त इंजिनिअरचं पत्र चालतं. चार दिवसांत पुण्याहून रजिस्टर पाकीट आलं. सहा पानं, टाइप केलेली, आकडे, बाण, आकृत्या. प्रभाकररावांना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यांनी दुकानात, गिऱ्हाईक नसताना, शेवटचं पान पुन्हा पुन्हा उघडून बघितलं. खाली सही होती, आणि सहीत पोरानं पूर्ण नाव लिहिलं होतं. योगेंद्र प्रभाकर उमाटे. मधलं नाव जरा घाईत, तिरकं, पण पूर्ण. एवढी वर्षं तो नुसतं 'पी' लिहीत असेल, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

तपासणीचे इन्स्पेक्टर जाडजूड होते. ते गाडीत बसले म्हणण्यापेक्षा त्यांनी गाडी नेसली. "चाळीसवर घ्या. मी थांबा म्हणलं का मारा." प्रभाकररावांनी चाळीसवर घेतली. साहेबांनी "थां" म्हटलं, आणि "बा" म्हणायच्या आत गाडी जागच्या जागी उभी राहिली. साहेबांची टोपी काचेवरून बॉनेटवर गेली, आणि सहा पानं, तीन अर्ज, दोन पावत्या वर्ध्याच्या आकाशात. दोघांनी मिळून कागद गोळा केले. साहेबांनी बॉनेटवरच सही ठोकली. "असे ब्रेक आमच्या जीपले नाई," ते म्हणाले. "कोनी केले?"

"माह्या पोरानं," प्रभाकरराव म्हणाले. घरी येईपर्यंत हे वाक्य त्यांनी मनात पाच-सहा वेळा म्हणून बघितलं.

रविवारी दहाला फोन वाजला.

"पास झाली," प्रभाकरराव म्हणाले.

"अरे वा! आवाज?"

"नाई."

"ओढत वगैरे नाही ना कुठं?"

"नाई. सूत धरल्यासारखी थांबते."

"झालं मग."

"झालं."

काय झालं ते दोघांनाही त्याच क्षणी कळलं असावं. आता विचारायला ब्रेक उरले नव्हते.

"पाणीपाऊस?" योगेंद्रनं विचारलं.

"आहे. आईले देतो."

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. गाडी दारात उभी होती, नवा लाल रंग लावलेली, कुठंही नीट थांबणारी, आणि प्रभाकररावांना तिच्यात बसावंसं वाटत नव्हतं. बाबाराव म्हणाले, "चला, जामच्या चौफुलीपर्यंत चक्कर मारू." प्रभाकरराव म्हणाले, "पाय दुखते." अनुसयाबाई एकदा जेवताना म्हणाल्या, "मोडलेली होती तेच बरं होतं बाई." प्रभाकररावांनी ताक मागितलं.

चौथ्या रविवारी ते फोनच्या आधीपासूनच खुर्चीवर बसून होते. घंटा वाजली.

"बरा आहे?"

"बरा."

"थोडं डावीकडे ओढते," प्रभाकरराव म्हणाले.

"काय?"

"गाडी. ब्रेक मारला का डावीकडे ओढून राह्यली. जरासं. म्हंजे बरंच."

अर्धा तास बोलणं झालं. टायरची हवा, पॅड, तेल, होजपाइप. प्रभाकरराव प्रत्येक गोष्टीला "ते पाह्यलं" म्हणत गेले. बोलताना त्यांचे कान तापले होते. शेवटी योगेंद्र म्हणाला, "असं फोनवर कळणार नाई बाबा. मी येतो. शुक्रवारी निंघतो." आणि फोन ठेवला.

प्रभाकररावांनी रिसीव्हर हातातच धरून ठेवला. गाडी दारात होती आणि ती कुठंही ओढत नव्हती.

ते तसेच रूपरावकडे गेले. "एक काम होतं. गाडी डावीकडे ओढली पाहिजे."

"सरळ चालून राह्यली ना?"

"म्हणूनच."

रूपरावनं हातातला पाना खाली ठेवला. त्याचा स्वतःचा पोरगा कैलास सुरतला होता. "शेठजी," तो म्हणाला, "आजवर हातून बिघडलं असन. जाणून बिघडोलं नाई. ते मले जमणार नाई." मग म्हणाला, "त्याले येऊ तं द्या."

योगेंद्र शनिवारी दुपारी आला. कपाळावरून केस थोडे मागे गेले होते. खांद्यावर कपड्यांची पिशवी छोटी आणि पान्यांची पेटी मोठी. आईच्या पाया पडला, वडिलांच्या पडला, आणि हात धुवायच्या आधी गाडीपाशी गेला. तिच्याभोवती दोनदा फिरला. हबवर तळवा ठेवला. फाटकाच्या गजात घातलेलं ते नाक आता गाडीच्या काचेच्या बरंच वर होतं. प्रभाकरराव ओसरीच्या खांबाला धरून उभे राहिले.

"एक चक्कर मारून येतो," तो म्हणाला आणि एकटाच निघाला.

गाडी जामच्या रस्त्याला लागल्याचा आवाज आला, मग तोही गेला. प्रभाकररावांनी काय सांगायचं ते जुळवायला सुरुवात केली. सांगू, की माझा भास होता. सांगू, की आपोआप दुरुस्त झाली. शेवटी त्यांनी ठरवलं, सरळच सांगू. गाडी चांगली आहे. मी खोटं बोललो. काऊन बोललो, ते तो विचारणार नाही, आणि विचारलं तर तेही सांगू.

पाऊण तासानं गाडी परत आली. दारापुढे थांबली ती रेघ मारल्यासारखी. योगेंद्र उतरला. त्याचे केस वाऱ्यानं उभे राहिले होते.

"योगेंद्र," प्रभाकरराव म्हणाले, "मी तुले..."

"ओढते बाबा," योगेंद्र म्हणाला. तो वडिलांकडे बघत नव्हता, फडक्यानं हात पुसत होता. हात स्वच्छच होते. "डावीकडे. सगळं उघडून पाहा लागन. आठ-दहा दिवस तं लागतेच."

स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. अनुसयाबाईंच्या हातातून झाकणी निसटली होती.

"रजा?" प्रभाकररावांनी विचारलं.

"घेतो." फडकं पेटीवर टाकत पुढं म्हणाला, "उद्या तुम्ही चालवा, मी बाजूले बसतो. गिरडले जाऊ. तथी चढउतार आहे, बरोबर कळन."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गिरडला गेले. प्रभाकररावांनी चालवली. टेकडीवर दर्ग्यात दोघांनी डोकं टेकलं, खाली येऊन चहा घेतला. परतीच्या उतारावर योगेंद्र म्हणाला, "आता मारा. आन् स्टिअरिंग सोडा." प्रभाकररावांनी दोन्ही हात वर केले आणि ब्रेक दाबला. गाडी उताराच्या मध्यावर, रस्त्याच्या मधोमध, केसभरही इकडेतिकडे न होता उभी राहिली. खालून येणाऱ्या बैलबंडीवाल्यानं कौतुकानं बैल थांबवले.

प्रभाकररावांनी हात पुन्हा स्टिअरिंगवर ठेवले.

"पाह्यलं?" योगेंद्रनं विचारलं.

"पाह्यलं."

"ओढते."

"भलतीच ओढते रे," प्रभाकरराव म्हणाले.